कडी कोणी कापली?

१

"गायब आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

हा माणूस पेन खाली ठेवतो तेव्हा बातमी वाईट असते. तीन वर्षांपूर्वी वहिनींच्या छातीत गाठ सापडली, तेव्हाही त्याने ते असंच हळूच, मेलेल्या पाखरासारखं टेबलावर ठेवलं होतं.

"काय गायब आहे?" वहिनींनी विचारलं.

"कडी."

ही कडीची भानगड आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेशी म्हणजे घर समजा. घराच्या बाहेरच्या अंगाला दारं आणि दारांना कड्या. लोखंडाच्या नव्हेत, रेणूंच्या. बाहेरून कोणी कडी वाजवली की आत निरोप जातो, वाढ! शहाण्या पेशीवर अशा कड्या मोजक्याच असतात. वहिनींच्या गाठीतल्या पेशींवर त्यांची नुसती बुजबुज होती, आणि वाजवायला कोणी नसलं तरी त्या आपल्याआपण खडखडत होत्या. वाढ, वाढ, वाढ. त्यावर औषध आहे, ते म्हणजे कुलूप. ते बरोब्बर त्या कडीत जाऊन बसतं आणि खडखडाट थांबतो. तेव्हा ते वहिनींना लागू पडलं होतं. गाठ गेली, केस परत आले. आवाज तर कधी गेलाच नव्हता. आता जुन्या टाक्यांच्या शेजारी वाटाण्याएवढी नवी गाठ आली होती. सुईने तिचा तुकडा काढून अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवला होता.

"ह्या वेळच्या पेशींवर कडी नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि कडीच नाही तर कुलूप लावू कुठे? गाठी बेरक्या असतात हो. एकदा मार खाल्ला की दुसऱ्या वेळी वेष बदलून येतात."

"मग?"

"मग जहाल औषधं. ती चांगलं-वाईट बघत नाहीत, सरसकट जाळतात. आणि लागू पडतीलच असंही..."

वाक्य तिथेच सोडलं. शिकलेली माणसं वाईट वाक्यं पूर्ण करत नाहीत. उरलेलं आपण घरी नेऊन पूर्ण करायचं असतं.

"परत तपासा," वहिनी म्हणाल्या.

"गाठ एवढीशी. पुन्हा सुई घालायची तर जखम भरायची वाट बघावी लागेल, आणि तेवढं थांबणं धोक्याचं. सोमवारी आमची बैठक आहे, त्यात ठरवू. निकाल खरं तर पुढच्या आठवड्यात यायचा होता. तिकडच्या लोकांनी घाई करून दिला, तेवढंच नशीब."

माझा मोठा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, छताकडे बघत होता. दादा तसाच आहे. सकाळी हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा तो दाढी करून, बूट घालून आधीच तयार होता. नेहमी आम्ही गाडीत बसून हॉर्न वाजवतो आणि हा किल्ल्या शोधतो. आज फक्त किल्ल्याच शोधल्या.

वहिनींनी पर्स बंद केली. त्यांचं आयुष्य विमा कंपनीत गेलं. काम एकच, जळितांचे दावे तपासायचे. आग खरंच लागली की लावली, हे राख हुंगून सांगायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा कंपनीतल्यांपेक्षा गावातल्या गोदामवाल्यांना जास्त आनंद झाला होता.

"डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी माझी वस्तू जागेवर होती. आता नाही. म्हणजे ती हरवली, किंवा चोरली, किंवा आहे आणि ह्यांना दिसत नाही. मला जागा बघायची आहे."

"कसली जागा?"

"गुन्ह्याची."

२

प्रयोगशाळेत रुग्णाला कोणी येऊ देत नाही. तुकडा चालतो, अख्खं माणूस चालत नाही. दारावरच्या माणसाने तसं सांगितलंही. वहिनी म्हणाल्या, "माझा अर्धा भाग आत आहेच, उरलेला भेटायला आलाय," आणि आत गेल्या. मी मागोमाग. मी मोटार शिकवण्याचा धंदा करतो. चुकीच्या दिशेने निघालेल्या माणसाशेजारी शांत बसून राहायची मला सवय आहे. दादा व्हरांड्यात खिसे चाचपत राहिला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई काचेच्या खोलीत बसत. उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि चेहऱ्यावर कायम पहिल्या बाकावरच्या मुलीचा भाव. मला वाटलं हाकलणार. पण वहिनींनी "मी जळितं तपासायचे" म्हटल्यावर बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"विचारा."

"तो तुकडा माझाच कशावरून?"

"मीही आधी तोच संशय घेतला. जनुकांची खूण जुळवून पाहिली. तुमचाच."

"बरं. अदलाबदल बाद. आता कडी नाही हे कसं कळलं?"

बाईंनी पडद्यावर चित्र उघडलं. ठिपक्यांचे दोन ढिगारे, मधमाश्यांच्या मोहोळासारखे. "आधी तुकड्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या. मग कडीला चिकटणारा चमकता रंग घालायचा. यंत्र एकेक पेशी उजेडासमोरून सोडतं. चमकली तर कडी आहे. हा मोठा ढीग तुमच्या गाठीच्या पेशींचा. चमक असती तर तो उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच बसलाय."

"दडून बसली असेल कडी. झाकून."

बाईंनी वहिनींकडे नीट पाहिलं. "काही गाठी तसं करतात. साखरेचं दाट पांघरूण ओढून घेतात, कुलूप कडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आम्ही दारामागेही पाहिलं. कडीची मुळं भिंतीत शाबूत आहेत. बाहेरचा भाग मात्र झाकलेला नाही, कापलेला आहे."

"कापलाय?"

"साफ."

वहिनी पडद्याजवळ गेल्या. त्यांनी धाकट्या ढिगावर बोट ठेवलं. "आणि ही गरीब मंडळी कोण?"

"तुमच्या शरीराच्या पहारेकरी पेशी. तुकड्याबरोबर आल्या. त्यांच्या अंगावर वेगळी खूण असते, तिला वेगळा रंग. तो फिका आलाय. बाटली जुनी असणार, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही."

"असं," वहिनी म्हणाल्या. मला तो 'असं' ठाऊक आहे. तो ऐकून एका कापडगिरणीच्या मालकाने दावा मागे घेतला होता.

"मग कापली कोणी?"

बाई उत्तर देणार एवढ्यात दार धाडकन उघडलं. जाड चष्म्याचा, विस्कटलेल्या केसांचा एक तरुण आत आला आणि त्याने वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्हीच ना त्या? अभिनंदन! तुमची गाठ अफलातून आहे!"

३

मी त्याला मारणार होतो. खरं सांगतो, मूठ वळली होती. ज्या बातमीच्या धास्तीने आमच्या घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नव्हतं, त्या बातमीवर हा पोरगा लग्नघरातल्यासारखा नाचत होता.

वहिनींना मात्र हसू फुटलं. "थांबा हो भाऊजी. माझ्या गाठीचं कौतुक करणारा पहिलाच भेटलाय. बोल रे बाळा."

चष्मा बोलत सुटला. सगळे त्याला चष्माच म्हणत. त्याचं काम पेशी वाढवणं. सपाट, पारदर्शक बश्यांमध्ये तो पेशींची शेती करायचा आणि त्यांना 'पोरं' म्हणायचा.

"गाठीनेच कापली! तिच्याकडे स्वतःची कात्री असते. कडीचा बाहेरचा भाग उडवून टाकते, मूळ आतच राहतं आणि ते आतूनच निरोप देत बसतं. कुलूप बाहेर लोंबकळत राहतं. औषधाला न जुमानण्याची युक्ती! पण इतकं साफ काम मी कधी बघितलं नव्हतं. एकही कडी शिल्लक नाही. ह्यावर माझा प्रबंध होईल."

"माझ्यावर गेलीये म्हण की. काम अर्धवट ठेवत नाही."

"हो ना!" म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की समोर बसलेल्या बाईच्या जिवावर आपण बोलतोय. कान लाल झाले. "माफ करा. मला... मला वाईटच वाटलं होतं आधी. शप्पथ."

"वाटलं असेल. माझा नमुना आला त्या दिवशी काही वेगळं घडलं का?"

"छे. उलट इतकी छान शांतता होती. मी भराभर कामं उरकली."

"नमुन्याचं पुढे काय केलं?"

"सुटा झाला, रंग लागला, यंत्रात गेला."

वहिनींनी मान डोलावली आणि विषयच बदलला. "तुझी शेती दाखव."

पोरगा उजळला. त्याने आम्हाला उबेच्या कपाटापाशी नेलं. बश्यांवर बश्या. टेबलावर बाटल्या, नळ्या, एक अर्धी बिस्किटाची पुडी (बाईंनी ती बघताच तो तिच्यासमोर उभा राहिला). पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात, दाटी झाली की सोडवून नव्या बशीत घालाव्या लागतात, असं त्याने समजावलं. "हे घातलं की झालं," त्याने एक छोटी बाटली हलवली. "कॉफी होईपर्यंत सगळी पोरं मोकळी. संध्याकाळी थोडी मरगळलेली दिसतात, पण सकाळी बघाल तर टवटवीत! मी कधी कोणाला फेकत नाही. तुमच्यासुद्धा थोड्या उरल्या होत्या, जीव होईना. बशीत घातल्या."

"माझ्या? इथे आहेत?"

त्याने एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. वहिनी वाकल्या. किती तरी वेळ वाकून राहिल्या. मी घाबरलो. आपला शत्रू असा डोळ्यासमोर, जिवंत, हातपाय पसरून बसलेला कोणी बघावा का?

"ह्या होय त्या भवान्या," शेवटी त्या म्हणाल्या. "बशीत लोळतायत बघा कशा! भाऊजी, बघून घ्या, अगदी तुमच्या सासूरवाडीची माणसं."

चष्मा इतका हसला की चष्मा पडला.

वहिनी बाहेर पडल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. "भाऊजी, पोरगा गोड आहे. पण मला एक सांगा, हे घर इतकं कधी शांत असतं का?"

तेव्हा कुठे माझ्या कानात शिरलं. पलीकडच्या खोलीत कोणीतरी गुणगुणत होतं. आम्ही आल्यापासून अखंड.

४

ती गुणगुणी. तिचंही नाव तेच पडलं होतं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चाळिशीची बाई. दोन्ही तळव्यांत एक नळी धरून ती हळूहळू फिरवत होती आणि नाकातल्या नाकात एक सूर चालू होता. शब्द नाहीत, नुसती चाल. लेकराला झोपवताना असते तशी.

मध्येच बाईंनी काचेवर टिचकी मारली. गुणगुण बारीक झाली, थांबली नाही.

"रोजचं आहे," ती हसून म्हणाली. "त्यांना आवाज नको, मला तालाशिवाय हात चालत नाही. काय करणार?"

"काय चाललंय हे?" वहिनींनी विचारलं.

"तुकडा सुटा करतेय. सौम्य पाणी आहे, त्यात पेशी आपल्या मर्जीने एकमेकींचा हात सोडतात. घाई नाही, धक्का नाही. दुपार जाते सगळी. गाणं म्हटलं की हात एका वेगात राहतो. जरा थांबून बोलले तर चालेल ना, की नळी ठेवू?"

"ठेवू नका. मला आवडतंय." वहिनी शेजारच्या स्टुलावर बसल्या. थोडा वेळ त्यांनीही ताल धरला, बोटांनी, गुडघ्यावर. खरं सांगतो, गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

"हे अंगावरच्या खुणा तपासायच्या असतात तेव्हाच?"

"तेव्हाच. बाईंचा नियमच आहे तो."

"आणि ते काम तुमचंच?"

"माझंच. ह्यांच्यापैकी कोणाला एवढा दम आहे?"

"छान. मग सांगा, माझा तुकडा सोडवताना कोणतं गाणं म्हटलंत?"

नळी थांबली. चाल थांबली. प्रयोगशाळा इतकी गप्प झाली की बाईंनी काचेतून दचकून वर पाहिलं.

"तुमचा तुकडा..." गुणगुणी आठवू लागली. "त्या दिवशी मी सकाळपासून पलीकडच्या इमारतीत होते, यंत्राजवळ. ते रुसलं होतं. परत आले तर तुमची नळी बर्फात तयार. मला वाटलं बाईंनी स्वतः केलं."

मी काचेकडे बघितलं. बाई उभ्या राहिल्या होत्या. त्या मान हलवत होत्या. नाही. नाही.

५

सगळे काचेच्या खोलीत जमले. बाई, चष्मा, गुणगुणी, आम्ही दोघं. दादा दारात. त्याला आत यावंसंही वाटत होतं आणि पळून जावंसंही.

वहिनी टेबलाच्या कडेला टेकल्या. मला हा त्यांचा पवित्रा ठाऊक होता. माझ्या लग्नात केटररची भांडी चोरीला गेली होती, तेव्हाही अशाच टेकल्या होत्या.

"एका दुकानाला आग लागली," त्यांनी सुरुवात केली, "की मी आधी मालकावर संशय घ्यायचे. माझ्या कड्या गेल्या, मालक कोण? माझी गाठ. तिच्याकडे कात्री आहे, बेरकी आहे, मागे मार खाल्लाय. संशय बरोबर. पण अख्ख्या बाजाराच्या पाट्या एकाच वेळी जळाल्या असतील, तर मग मी एका मालकाला धरून बसत नाही. बाई, त्या पहारेकरी पेशी. त्यांची खूणही फिकी आहे. रंगाची बाटली जुनी होती?"

गुणगुणी ताडकन म्हणाली, "नवीन होती. मीच फोडली."

बाईंनी डोळे मिटले.

"पण गाठीची कात्री शेजारच्या पेशींनाही लागू शकते," चष्मा म्हणाला. प्रबंध सहजासहजी सोडवत नाही.

"शकते ना. म्हणून तर मी तेवढ्यावर थांबले नाही. मी शांततेकडे गेले. ह्या बाईंशिवाय ही नळी कोणी फिरवत नाही, आणि ह्या गुणगुणल्याशिवाय फिरवत नाहीत. माझा नमुना आला त्या दिवशी इथे छान शांतता होती, हे तूच सांगितलंस. म्हणजे दुपारभर कोणी माझ्या पेशी झुलवल्या नाहीत. तरी त्या सुट्या झाल्या. कशा? कॉफी होईपर्यंत सुट्या करणारं पाणी ह्या घरात एकाकडेच आहे. आणि नमुन्यातलं उरलंसुरलं कोणाच्या हातात राहतं? ज्याने नमुना हाताळला त्याच्या. माझ्या भवान्या कोणाच्या बशीत लोळतायत?"

चष्म्याने चष्मा काढून पुसला. त्याने काही लपवलंच नव्हतं. त्याला ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं.

"ट्रिप्सिन!" बाई ओरडल्या. एखादी शिवी द्यावी तशा. चष्म्याच्या त्या छोट्या बाटलीतल्या पाण्याचं ते नाव.

"पण... मी तर रोज वापरतो," चष्मा पुटपुटला. "पोरांना काही होत नाही. सकाळी..."

"सकाळी!" बाई म्हणाल्या. "अरे शहाण्या, तुझ्या पोरांच्या अंगावरचं ते रोज संध्याकाळी छाटतं. तू रात्रभर त्यांना बशीत ठेवतोस आणि सकाळी त्यांच्या अंगावर नवं उगवलेलं असतं. तुला छाटलेलं कधी दिसतच नाही! आम्ही त्याच दुपारी बघतो."

मला इथे फार राग आला पाहिजे होता. आलाही. चूक एकाची, गृहीत धरणं दुसऱ्याचं, दुर्लक्ष तिसऱ्याचं, आणि त्याचा निकाल म्हणून टाईप केलेला कागद येतो, खाली सही-शिक्का. त्या शिक्क्यावर माझ्या वहिनीला जाळायचं सोमवारी ठरणार होतं. मी हे मोठ्याने बोललो. जसंच्या तसं. वर दोन शब्द जास्तही बोललो, ते इथे लिहीत नाही.

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. फिका रंग मी बघितला आणि सोडून दिला. चूक माझी." अशी सरळ कबुली मी मोठ्या खुर्चीतून कधी ऐकली नव्हती.

"पुढचा भाग महत्त्वाचा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "एवढं सगळं मी रचलं, पण राखेवरून. हे बरोबर असेल, तर माझ्या बशीतल्या पेशींवर आत्तापर्यंत नव्या कड्या उगवलेल्या असतील. नसतील, तर गाठच बेरकी आणि मी मूर्ख. बघता येईल?"

गुणगुणी आधीच उठली होती.

तिने सौम्य पाणी घातलं आणि बशी हातात घेतली. सूर लागला. ह्या वेळी बाईंनी काचेवर टिचकी मारली नाही. उलट दार उघडं ठेवलं. दुपार कलली. चष्मा कोपऱ्यात नखं खात होता, दादा दाराच्या चौकटीचा रंग खरवडत होता, आणि वहिनी गुडघ्यावर ताल धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. ताल एकदाही चुकला नाही, पण बोटं पांढरी पडली होती.

मग आम्ही सगळे वरातीसारखे पलीकडच्या इमारतीत गेलो. यंत्र घरघरलं. पडद्यावर पहिला ठिपका पडला.

डावीकडे.

वहिनींच्या बोटांचा ताल थांबला.

दुसरा उजवीकडे पडला. तिसरा उजवीकडे. मग टपटप, टपटप, सरी पडाव्यात तसे, उजवीकडे, उजवीकडे, ढीगच्या ढीग.

"आहेत!" गुणगुणी किंचाळली. "अहो, खच्चून आहेत!"

६

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. चूक कोणाची, कुठे आणि कशी, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चित्र पाठवलं, जुना निकाल रद्द केला, नव्यावर सही केली. तिकडून डॉक्टर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण मध्येच खट् असा आवाज आला. माझी पैज आहे, पेन उचलल्याचा.

"एक गाठ सुटली नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तशी नव्हे, दुसरी. बाळा, नियम मोडून तू हात का घातलास? एवढी घाई कसली होती?"

चष्मा मान खाली घालून म्हणाला, "घरून फोन आला होता. तुमच्या. गुणगुणताई नव्हत्या, म्हणून मीच घेतला. ते म्हणाले, ती दिवसभर सगळ्यांना हसवते आणि रात्री डोळे उघडे ठेवून पडते. जितकं लवकर जमेल तितकं बघा. मला राहवलं नाही हो. निकाल कधी मिळेल तेही सांगितलं त्यांना."

"मी नाही कोणाला फोन करायला सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी?"

"मी केला असता तर ह्याच्या कानाचे पडदे शिल्लक राहिले नसते."

आम्ही दोघंही वळलो. दादा दारात उभा होता, दाढी केलेला, बूट घातलेला. ज्या दिवशी निकाल येणार त्या दिवशी सकाळीच तयार असलेला.

"मी फक्त विचारलं," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तीस वर्षं! तीस वर्षं हा माणूस नळ गळला तरी प्लंबरला फोन मला करायला लावतो. दुकानदाराने सुट्टे कमी दिले तर मला पुढे करतो. आणि अनोळखी प्रयोगशाळेत फोन? तुम्ही?"

"तू झोपत नव्हतीस," दादा म्हणाला.

वहिनींना हसू फुटलं. सुरुवातीला साधं, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे गुन्ह्याची चिथावणी माझ्याच घरातून! अहो, दावाच फेटाळला गेला असता माझा!" गुणगुणी हसू लागली, बाईसुद्धा. चष्मा रडत-हसत होता. मी दादाच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि मग हात तिथेच ठेवला.

"माझा प्रबंध मात्र गेला," चष्मा म्हणाला.

"गेला कुठे? दुसरा लिही," वहिनी म्हणाल्या. "कड्या कशा परत उगवतात त्याच्यावर. आणि पुढच्या वेळी माझ्या पोरींना हात लावायचा असेल तर आधी गाणं शिकून ये."

कुलूप लावायला सुरुवात झाली ती पुढच्याच आठवड्यात. मोठी खिडकी असलेली खोली, उन्हाचा पट्टा थेट पलंगावर, बाटलीतून थेंब थेंब औषध नळीत. लागू पडेलच अशी लेखी हमी कोणी देत नाही. डॉक्टरांनीही दिली नाही, पण ह्या वेळी वाक्य पूर्ण केलं. "मागे बसलं होतं, ह्याही वेळी बसेल असं मला वाटतं," म्हणाले, आणि पेन त्यांच्या खिशातच होतं.

वहिनी त्या थेंबांकडे बघत सूर लावून बसल्या होत्या. तीच चाल, नाकातल्या नाकात. शेजारच्या पलंगावरच्या बाईने विचारलं, कोणतं गाणं हो हे? तर म्हणाल्या, कड्या जाग्यावर ठेवायचं.

थोड्या वेळाने दादा आला आणि खिसे चाचपू लागला. आधी शर्टाचे, मग पँटचे, मग माझे.

"गाडीच्या किल्ल्या बघितल्यास का रे?"

"बघा!" वहिनी उठून बसल्या. "अहो, इकडे या. आज ह्या लोकांनी मला हजारो कुलपं लावली आहेत. त्यांच्या सगळ्या किल्ल्या मी तुमच्याकडे सांभाळायला देते."

"माझ्याकडे? का?"

"का म्हणजे? पुन्हा कधी सापडायला नकोत म्हणून."